कार्बनच्या सूक्ष्म नळ्या आणि कसोटीची कसोटी
(भेस्तान, सुरत येथील व्याख्यानाचा संकलित भाग)



सुरतेत पैलू पाडतात तो हिरा कार्बनचा, आणि आपल्या घरी कापूरारतीच्या तबकाला धरते ती काजळीही कार्बनचीच. मुंबईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच कापरापासून कार्बनची अतिसूक्ष्म रूपे घडविली. अशा रूपांपैकी नळ्यांची जाडी मीटरच्या काही अब्जांश भागांएवढी असते. औषध थेट पेशीपर्यंत वाहून नेण्यास त्या उपयोगी पडतील, अशी संशोधकांना आशा आहे.

विषबाधेवर वैद्य कोळसा देतात, मग कार्बनची भीती कसली, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु पोटात गेलेला कोळसा पोटातूनच बाहेर पडतो; फुप्फुसात शिरलेली नळी तेथेच ठाण मांडू शकते. २००८ साली एडिंबरा येथील संशोधकांनी उंदरांच्या उदरपोकळीत अशा नळ्या सोडल्या. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी फारसे काही केले नाही. लांब नळ्यांनी मात्र ॲस्बेस्टॉससारखाच दाह व गाठी उत्पन्न केल्या. शरीरातील भक्षक पेशीला आपल्याहून लांब काडी गिळता येत नाही, हे त्याचे कारण. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ह्या नळ्यांच्या एका विशिष्ट प्रकारास संभाव्य कर्कजनक ठरविले. इतर प्रकारांविषयीचा पुरावा तिला अपुरा वाटला.

मला अधिक सांगावयाचे आहे ते कसोटीविषयी. पेशी जिवंत आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत एक पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. जांभळा रंग फिका पडला, की पेशी मेल्या असा हिशेब. २००६ साली कार्ल्सरूह येथील संशोधकांना ह्या रीतीने सुमारे निम्म्या पेशी निकामी झालेल्या दिसल्या. पाण्यात विरघळणारा रंग देणारे दुसरे रसायन वापरताच अपाय दिसेना! नळ्यांनी जांभळे स्फटिक स्वतःलाच चिकटवून घेतले होते. मोजावयाला रंगच पुरेसा उरला नव्हता. साक्षीदारच फितूर झाला म्हणा ना.

येथे कसोटीने खोटी भीती घातली. खोटा धीरही असाच मिळतो. पेशी चोवीस तास सुखरूप राहिल्या, एवढ्यावरून वीस वर्षांनंतरच्या फुप्फुसाची हमी कोण देणार? ॲस्बेस्टॉसचा कर्करोग प्रकट व्हावयास कित्येक दशके लागतात. म्हणून निरनिराळ्या तत्त्वांवरील किमान दोन चाचण्या हव्यात, आणि नळ्या घडविताना मागे राहिलेल्या लोह-निकेलचा हिशेब वेगळा मांडावयास हवा. एरवी दोष धातूचा आणि बदनामी कार्बनची, असे घडते. नॅनोऔषधांच्या मूल्यमापनासाठी आपल्या जैवतंत्रज्ञान विभागानेही २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

रुग्णाच्याही आधी हा कण ज्याच्या श्वासात जातो, तो कामगार. मागाच्या खात्यातील पिंजर ज्यांनी वर्षानुवर्षे श्वासात घेतली, त्यांना हे मी काय सांगावे? अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये कार्बनच्या नळ्यांसाठी घनमीटर हवेमागे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, एवढीच मर्यादा सुचविली. जाणत्या प्रयोगशाळेत ही पूड बंद कपाटात आणि शक्यतो द्रवात भिजवूनच हाताळतात.