जुळे आकडे

भिलाईच्या पोलाद कारखान्यात तयार झालेल्या रुळावर हीट नंबर उमटवलेला असतो. एका वेळी बनलेलं पोलाद म्हणजे एक हीट आणि त्यातून निघतात अनेक रूळ. 1959 साली इथली पहिली झोतभट्टी पेटली तेव्हा अशा नोंदी कागदावर होत असत, आज त्या संगणकात चढतात.

समजा, तक्त्यात एका हीटच्या दहा ओळी आहेत आणि कार्बनच्या रकान्यात दहाही वेळा 0.72 आहे. यात काही बिघडलेलं नाही. वितळलेल्या पोलादाची रासायनिक तपासणी संबंध हीटची असते, तोच आकडा खाली उतरतो. पण त्याच हीटच्या दोन वेगळ्या नमुन्यांचं ताणसामर्थ्य 912.4 आणि 912.4 निघालं, तर मी तिथे थांबेन. चाचणी दोनदा झाली, की नोंदच दोनदा?

हे शोधायला सॅस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये आधी हीट आणि मग आकडा अशा क्रमाने सॉर्ट करायचं. मग बाय हे विधान लावलं की प्रत्येक ओळ आपल्या गटात, म्हणजे त्याच हीटच्या त्याच आकड्याच्या ओळींत, पहिली आहे का, शेवटची आहे का, हे कळतं. पहिलीही तीच आणि शेवटचीही तीच, म्हणजे ती एकटी. बाकी सगळ्यांवर खूण. आर या संगणकभाषेतलं डुप्लिकेटेड हे फंक्शन मात्र पहिल्या ओळीला सोडून देतं, दुसरीपासून पकडतं. आता अस्सल कोणती आणि नक्कल कोणती, हे संगणकाला कुठून कळणार? म्हणून उलट्या दिशेनेही एकदा तपासायचं आणि दोन्ही खुणा एकत्र करायच्या.

रिकाम्या जागांचंही भान हवं. मोजमाप झालंच नाही अशा दोन ओळीसुद्धा ही दोन्ही साधनं एकसारख्या धरतात. आणि आकडे पाचाच्या पटीत लिहायची सवय असेल, तर जुळे ढिगाने सापडतील, त्यांत संशयास्पद काही नसेल.

ज्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत भिलाईचा कारखाना उभा राहिला, तिचं गणित मांडणारे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस पाहणीत एकाच क्षेत्राचे स्वतंत्र नमुने वेगवेगळ्या पथकांकडे देत. निष्कर्षांत फार तफावत पडली की चूक उघडी पडे. आपण इथे नेमकं उलटं, अति जुळणं हुडकतोय.

खूण झालेली ओळ पुसायची मात्र नाही. शेजारी शून्य-एकचा नवा रकाना काढायचा आणि चाचणीची वेळ पाहायची. वेळही तीच असेल तर बहुधा नोंद दोनदा चढली. वेगळी असेल तर प्रयोगशाळेतली मूळ नोंदवही मागवायची.