‘गुन्हा कबूल’



सुमारें तीस वर्षांपूर्वीं वसईकडील एका शाळेंत मी शिकवीत असतां वर्गांतील पृथ्वीचा गोल फुटला. “ज्यानें फोडला त्यानें उभें राहावें, तोंवर कोणी घरीं जाणार नाहीं,” असें मीं दरडावून सांगितलें. बऱ्याच वेळानें मागल्या बाकावरील एक मुलगा उठला व म्हणाला, “गुरुजी, मीं फोडला.” मीं त्यास शिक्षा केली. आठवड्यानें कळलें कीं, गोल दुसऱ्याच मुलाच्या हातून पडला होता. या मुलास वाडीचें शिंपण करावयास वेळेवर घरीं पोंचावयाचें होतें, म्हणून त्यानें सुटकेचा जवळचा मार्ग पत्करला!

आरोपीनेंच ‘गुन्हा कबूल’ म्हटल्यावर न्यायाधीशाचें काम संपतें काय, हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मनांत घोळत राहिला. कायद्याचें उत्तर ‘नाहीं’ असें आहे. आरोप वाचून व समजावून दिल्यावर आरोपीनें तो मान्य केला, तर ती कबुली नोंदविणें न्यायाधीशावर बंधनकारक आहे. परंतु केवळ तिच्यावरून त्यास दोषी ठरवावें कीं पुरावा घ्यावा, हें त्याच्या विवेकावर सोंपविलें आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंतील हें तत्त्व १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतहि कायम आहे. किरकोळ खटल्यांत कबुली शक्य तों आरोपीच्याच शब्दांत लिहावी लागते. ‘माझ्या हातून झालें’ आणि ‘मीं जाणूनबुजून केलें’ यांत केवढें अंतर आहे!

हा विवेक दोन्हीं दिशांनीं चालतो. १८ मार्च १९२२ रोजीं अहमदाबादेस महात्मा गांधींनीं राजद्रोहाचा आरोप मान्य केला. सरकारपक्षानें तरीहि खटला पुढें चालवावा असा आग्रह धरला; पण न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनीं कबुली स्वीकारून सहा वर्षांची साधी कैद फर्माविली. उलट २० जुलै २००९ रोजीं मुंबईच्या विशेष न्यायालयांत अजमल कसाबनें एकाएकीं गुन्हा कबूल केला, तेव्हां न्यायाधीश तहलियानी यांनीं ती कबुली दप्तरीं ठेविली आणि साक्षीपुरावा चालूंच ठेविला. पुढें कसाबनें आपलें बोलणें फिरविलें. तथापि मे २०१० मधील निकाल पुराव्याच्या पायावर उभा होता.

एवढी सावधगिरी कां? कारण कबुलीवरून दोषी ठरलेल्यास सामान्यतः दोषाविरुद्ध अपील करतां येत नाहीं; शिक्षेची कायदेशीरता वा तिचें प्रमाण एवढ्यापुरतेंच दार उघडें राहतें. आणि रोजमजुरी बुडवून तारखांना खेपा घालणारा गरीब मनुष्य माझ्या त्या विद्यार्थ्याप्रमाणेंच ‘कबूल’ म्हणून मोकळा होऊं पाहतो. २००६ पासून कांहीं गुन्ह्यांत तडजोडीनें शिक्षा ठरविण्याची सोय झाली. तींतहि न्यायाधीशास आरोपीला एकांतांत विचारून, तो स्वेच्छेनें आला आहे अशी खात्री करून घ्यावी लागते. तो एकांतांतला प्रश्न मीं त्या दिवशीं विचारला नाहीं.

खरें कळल्यावर सर्व वर्गादेखत मीं त्या मुलाची क्षमा मागितली. न्यायालयांत मात्र चूक इतक्या सहज पुसतां येत नाहीं. तेव्हां आपल्या परिचयांतील कोणा गरिबावर असा प्रसंग आला, तर ‘कबूल’ म्हणण्यापूर्वीं त्यास वकिलाचा सल्ला घ्यावयास सांगावें. वकील देण्याची ऐपत नसल्यास तालुक्याच्या विधि सेवा समितीकडे अर्ज करतां येतो. तेवढी वाट आपण त्यास दाखविली तरी पुष्कळ झालें.