पावती आधी, प्रसिद्धी नंतर
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा कोणत्याही संस्थेच्या जीवनातील मंगल प्रसंग होय. पन्नास वर्षांत संस्थापकांची पिढी मागे पडते, दुसरी पिढी कारभार सांभाळू लागते आणि तिसरी शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात स्थिरावते. अशा वेळी सभेत एक सूचना हमखास पुढे येते. ‘आता संस्थेचे संकेतस्थळ हवे, फेसबुकवर पान हवे, देणगीसाठी क्यूआर कोड हवा.’ सूचना योग्यच आहे. प्रश्न आहे तो क्रमाचा. आधी प्रसिद्धी करावी की आधी घरची व्यवस्था लावावी? या प्रश्नाचे उत्तर जैन समाजाच्या इतिहासातच सापडते.

एकाच प्रतीचा धडा

कर्नाटकातील मूडबिद्री येथे षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका यांच्या ताडपत्रांवरील प्राचीन प्रती शतकानुशतके जतन करण्यात आल्या होत्या. भाविक त्यांचे दर्शन घेत, पूजन करीत. परंतु ग्रंथ वाचला जात नव्हता. ताडपत्र जीर्ण होते, त्याला कीड लागते, ते तुटते. ती पाने नष्ट झाली असती तर दिगंबर परंपरेचा हा मूळ आगमग्रंथ कायमचा हरपला असता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्या धुरीणांनी पुढाकार घेतला व नकला करण्याचे काम सुरू झाले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी संपादनाचे शिवधनुष्य उचलले आणि १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड अमरावतीहून प्रकाशित झाला. यथावकाश सोळा खंड पूर्ण झाले. आज तो ग्रंथ कोणत्याही अभ्यासकास उपलब्ध आहे.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. ज्या वस्तूची एकच प्रत असते आणि जिच्यापर्यंत एकाच किल्लीने पोहोचता येते, ती वस्तू कितीही पवित्र असली तरी सुरक्षित नसते.

आजच्या संस्थांची ‘एकच प्रत’ कोठे असते? बहुधा ती एखाद्या सेवाभावी विश्वस्ताच्या खिशातील मोबाइलमध्ये असते. समजा, एखाद्या संस्थेचे सचिव वीस वर्षे निरपेक्षपणे काम करीत आहेत. देणगीदारांचे क्रमांक त्यांच्या फोनमध्ये, संस्थेचा ईमेल त्यांच्या नावाचा, बँकेचा ओटीपी त्यांच्याच क्रमांकावर, आणि संकेतस्थळाचे नावही त्यांच्या पुतण्याने आपल्या खात्यातून नोंदविलेले. एके दिवशी सचिवांचे अकस्मात निधन होते. कुटुंब दुःखात असते; पुढे तो क्रमांक बंद होतो. तेव्हा विश्वस्तांच्या लक्षात येते की, पन्नास वर्षांत जोडलेली माणसे एका सिमकार्डासोबत गेली. यात दोष सचिवांचा नाही. त्यांच्या सेवेची नक्कल करून ठेवण्याची व्यवस्था संस्थेने केली नाही, हा दोष आहे.

किल्ल्या संस्थेच्या नावे

म्हणून पहिले काम प्रसिद्धीचे नव्हे, मालकीचे आहे. संस्थेच्या नावाने स्वतंत्र सिमकार्ड घ्यावे. ईमेल संस्थेच्या नावाचा असावा. संकेतस्थळाचे नाव, म्हणजेच डोमेन, संस्थेच्याच नावे व संस्थेच्याच ईमेलवर नोंदवावे आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख कार्यालयातील दिनदर्शिकेवर ठळक लिहावी; मुदत उलटल्यास ते नाव अन्य कोणीही घेऊ शकतो. सर्व खात्यांची यादी एका कागदावर करून सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवावी व तिची माहिती किमान दोन विश्वस्तांना असावी.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्तांत बदल झाल्यास ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात ‘चेंज रिपोर्ट’ द्यावा लागतो, हे सर्व विश्वस्तांना ठाऊक आहे. याच प्रसंगाला आणखी एक नियम जोडावा. ज्या दिवशी चेंज रिपोर्टवर सह्या होतील, त्याच दिवशी सर्व पासवर्ड बदलावेत आणि ओटीपीचा क्रमांक तपासावा. यासाठी वेगळा खर्च नाही. केवळ शिस्त हवी.

पावतीचा रकाना

दुसरे काम हिशेबाचे. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या समाजाला रोजमेळ आणि खतावणीचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु क्यूआर कोड आल्यापासून एक सूक्ष्म अडचण निर्माण झाली आहे. जुन्या पावतीपुस्तकात ‘कशासाठी’ हा रकाना असे. देवद्रव्य, जीवदया, ज्ञानदान, आहारदान, सर्वसाधारण, असे त्याचे भाग असत; आणि एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात वापरू नये, ही मर्यादा सर्वजण कटाक्षाने पाळीत. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पैसे देणे क्षणाचे काम झाले. परंतु बँकेच्या उताऱ्यावर रक्कम दिसते, देणाऱ्याचा भाव दिसत नाही. जीवदयेसाठी दिलेले पाचशे रुपये मंडपाच्या बिलात गेले, तर ती केवळ हिशेबातील चूक राहत नाही. दात्याच्या संकल्पाचा तो भंग ठरतो.

उपाय साधा आहे. प्रत्येक प्रमुख निधीसाठी वेगळा क्यूआर कोड घ्यावा, अथवा पैसे पाठविताना शेऱ्यात निधीचे नाव लिहावे, असे फलकावर मोठ्या अक्षरांत नमूद करावे. रोज सायंकाळी एका कार्यकर्त्याने उतारा पाहून एक्सेलच्या तक्त्यात तारीख, नाव, रक्कम, निधी आणि पावती क्रमांक भरावा. ज्या रकमेचा हेतू कळत नाही, त्या दात्यास त्याच दिवशी फोन करावा. हा फोन म्हणजेच सर्वांत उत्तम जनसंपर्क. आपण दिलेल्या पैशाची कोणीतरी नीट विचारपूस करीत आहे, हे पाहून दाता जितका प्रभावित होतो, तितका कोणत्याही जाहिरातीने होत नाही.

कायद्यानेही याच दिशेला वळण घेतले आहे. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून २००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवरील ‘८०जी’ची करसवलत बंद झाली. २०२१-२२ पासून अशा सवलतीस पात्र संस्थांवर प्रत्येक देणगीदाराचे नाव, पॅन व रक्कम यांचे विवरण प्राप्तिकर विभागास सादर करण्याचे बंधन आले. देणगी घेतानाच पॅन विचारला नाही, तर वर्षअखेरीस शेकडो दात्यांच्या मागे धावावे लागते, आणि नोंद राहून गेल्यास दात्याची सवलत अडते. संस्थेच्या आळसाचा भुर्दंड देणाऱ्यास बसावा, हे शोभणारे नाही.

परदेशस्थ आप्तांच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. अमेरिकेत स्थायिक झालेला गावचा मुलगा समूहावरील क्यूआर कोड पाहून मोठ्या श्रद्धेने रक्कम पाठवितो. त्याच्याकडे भारतीय पारपत्र असेल आणि रक्कम त्याच्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत आली असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. मात्र त्याने परदेशी नागरिकत्व स्वीकारले असेल, तर तो मूळचा आपल्याच गल्लीतील असला तरी ती विदेशी देणगी ठरते. २०१० च्या विदेशी अंशदान कायद्यानुसार नोंदणी वा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेस ती स्वीकारता येत नाही. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेसही ती नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच घ्यावी लागते. तेव्हा परदेशातील आप्तास आधी नम्रपणे नागरिकत्व विचारावे, मग खाते क्रमांक द्यावा. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. संस्था सावध आहे, हे पाहून त्यालाही समाधानच वाटेल.

प्रसिद्धी : पंचांग आणि नकाशा

घराची अशी व्यवस्था लागल्यावर प्रसिद्धीकडे वळावे. येथेही महागड्या उपायांपासून आरंभ करू नये. परगावचा यात्रेकरू सर्वप्रथम काय शोधतो? मंदिर कोठे आहे, दर्शनाची वेळ कोणती, धर्मशाळेत खोली मिळेल का, भोजनशाळा सूर्यास्तापूर्वी किती वाजता बंद होते. एवढी माहिती गूगलच्या नकाशावर अचूक भरणे विनामूल्य आहे. अनेक संस्थांची तेथील नोंद कोणा अपरिचिताने केलेली असते आणि फोन क्रमांक जुना असतो. ती नोंद संस्थेने आपल्या ताब्यात घ्यावी, वेळा लिहाव्यात, स्वच्छ छायाचित्रे लावावीत आणि चातुर्मासात वेळ बदलल्यास तेथेही बदलावी.

संदेश कधी पाठवावेत, याचे उत्तर पंचांगात तयारच आहे. अष्टमी-चतुर्दशी, पर्युषण, दशलक्षण पर्व, महावीर जयंती, चातुर्मासातील साधुसंतांचे आगमन, असे वर्षाचे वेळापत्रक आधीच आखता येते. रोज सकाळी फुलांची चित्रे पाठविणाऱ्या संस्थेचा महत्त्वाचा संदेश कोणी उघडत नाही. जी संस्था महिन्यातून तीन-चार वेळा, पण नेमके काम असतानाच लिहिते, तिचा संदेश वाचला जातो.

व्हॉट्सॲपवरील समूह आणि ब्रॉडकास्ट यांतील भेदही ध्यानी घ्यावा. समूहात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांस दिसतो. ब्रॉडकास्टमध्ये तो दिसत नाही. मात्र ज्याने संस्थेचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच ब्रॉडकास्टचा संदेश पोहोचतो. म्हणून पावतीवर ‘हा क्रमांक जतन करावा’ अशी ओळ छापावी. दात्यांची नावे व रकमा प्रसिद्ध करण्यापूर्वी संमती घ्यावी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पाया संमती हाच आहे. परंतु त्याही आधीपासून या समाजात गुप्तदानाची थोर परंपरा आहे, तिचा मान राखलाच पाहिजे.

गृहोद्योग आणि ग्रंथकार

हेच तत्त्व घरच्या घरी खाकरा, पापड, मसाले करणाऱ्या भगिनींनाही लागू आहे. समूहावर छायाचित्र टाकले की मागणी येते. परंतु ती टिकते हिशेबावर. घरखर्चाचे आणि व्यवसायाचे बँक खाते वेगळे असावे. पाकिटावर अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि घटक स्पष्ट असावेत. कांदा, लसूण, बटाटा नाही, हे लिहिणे जैन ग्राहकासाठी स्वादाच्या वर्णनापेक्षा मोलाचे आहे. आणि ते लिहिले की ते पाळणे ही जबाबदारी आहे. मागणी नोंदविताना ‘मंगळवारी देते’ असे सांगितले, तर मंगळवारीच द्यावे. जुने ग्राहक परत येतात ते याच कारणाने.

समाजात प्रवचनसंग्रह, तीर्थयात्रावर्णने, कुलवृत्तान्त लिहिणारे लेखकही पुष्कळ आहेत. त्यांच्या पुस्तकांच्या पाचशे प्रती छापल्या जातात, प्रकाशन समारंभ होतो, उरलेले गठ्ठे माळ्यावर जातात. दहा वर्षांनी पुनर्मुद्रणाचा विचार निघतो, तेव्हा मुद्रकाकडे मजकूर नसतो. असला तरी जुन्या फॉन्टमध्ये जुळविलेला, आजच्या संगणकावर अक्षरांची नुसती खिचडी दाखविणारा. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. अंतिम बिल देण्यापूर्वी मुद्रकाकडून छपाईची पीडीएफ आणि संपादन करता येईल असा मूळ मजकूर, दोन्ही हाती घ्यावेत. आयएसबीएन क्रमांक भारतात शासकीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, तो घ्यावा. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह नियोजित सार्वजनिक ग्रंथालयांस प्रत पाठवावयाची असते; ती आवर्जून पाठवावी. जैन ई-लायब्ररीसारख्या संग्रहांत हजारो ग्रंथ विनामूल्य वाचावयास मिळतात. लेखकाच्या संमतीने पुस्तक अशा ठिकाणी गेले, तर वाचक वाढतात आणि माळ्यावरच्या वाळवीची भीती उरत नाही.

सुवर्णमहोत्सवाचा संकल्प

सुवर्णमहोत्सवी वर्षात भोजने होतील, सत्कार होतील, मंडप उतरेल. त्यानंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी विश्वस्तांनी दोन तास एकत्र बसावे. संस्थेच्या सर्व खात्यांची यादी करावी. देणगीदारांची वही संगणकात उतरवावी व तिची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. जुने इतिवृत्त, दानपत्रे, पायाभरणीची छायाचित्रे आणि ही स्मरणिकाही स्कॅन करून घ्यावी. ज्या वृद्धांना संस्थापकांचे शब्द आठवतात, त्यांचे कथन ध्वनिमुद्रित करावे. ते काम पुढच्या वर्षावर ढकलण्याजोगे नाही. या कामी युवकांनी संगणक सांभाळावा आणि ज्येष्ठांनी कोणते नाव कोणाचे, ते सांगावे.

मूडबिद्रीच्या ताडपत्रांची नक्कल करणाऱ्या लेखनिकांची नावे आज फार थोड्यांना ठाऊक आहेत; त्यांच्या अक्षरांमुळे ग्रंथ मात्र राहिला. आजपासून पन्नास वर्षांनी या संस्थेचा शताब्दी महोत्सव होईल, तेव्हा व्यासपीठावर बसणारी पिढी आज शाळेत आहे वा जन्मावयाची आहे. तिच्या हाती नीट वही, नीट पावती आणि संस्थेच्या नावाच्या किल्ल्या सोपवाव्यात, हीच या वर्षी विश्वस्त मंडळाकडून नम्र अपेक्षा.

जय जिनेंद्र!