नवस कीं कर्ज?

(कल्याण येथील सभेंत केलेलें भाषण)



आपल्या ठाणें, कल्याण, डोंबिवलीकडील कित्येक आगरी-कोळी कुळांची आई म्हणजे कार्ल्याची एकवीरा. मूल झालें, होडी सुखरूप परत आली, दुखणें हटलें, कीं बोकड-कोंबडें घेऊन माणसें नवस फेडावयास निघतात. ‘फेडणें’ हा शब्द ध्यानांत घ्या. जो शब्द सावकाराच्या कर्जाला, तोच देवीच्या नवसाला!

हीच समजूत सातासमुद्रांपलीकडे मेक्सिकोंतहि होती. तेथील आझ्टेक लोक बळीला जो शब्द वापरीत, त्याचा अर्थच ‘कर्जफेड’ असा होता. देवांनीं आपलें रक्त शिंपून माणूस घडविला, म्हणून माणसानें तें ऋण रक्तानेंच फेडावें, अशी त्यांची श्रद्धा. घायपाताच्या काट्यांनीं ते स्वतःचे कान टोचीत. पण तेवढ्यानें कर्ज फिटेना. मग लढाईंत धरलेल्या कैद्यांच्या छात्या चिरून काळजें सूर्याला वाहिलीं. त्यांच्या मुख्य देवळाजवळ 2015 सालीं कवट्यांचा मनोरा सांपडला. त्यांत बायकांच्या व पोरांच्याहि कवट्या निघाल्या. देव सावकार झाला कीं कर्ज कधींच फिटत नाहीं. वसुलीची सुरी ज्याच्या हातीं, त्याचा दरारा मात्र वाढत जातो.

त्यांना रानटी म्हणून हसूं नका. त्याच मुलखांतील माया लोकांचें एक शिल्प लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. याशचिलानची राणी आपल्या जिभेंतून काटेरी दोरी ओढीत आहे आणि राजा मशाल धरून उभा आहे. हा विधि इ. स. 709 सालचा. राजघराण्याचा मान त्यानें वाढत असेल. पण जीभ तरी राणीची स्वतःची होती! आम्ही नवस बोलतों आपल्या तोंडानें आणि मान पुढें करतों मुक्या जनावराची.

कोणी म्हणेल, बोकड वायां जात नाहीं, गोतावळा जेवतो. खरें आहे. मग गोतावळ्याला खुशाल जेवूं घाला. आईच्या नांवावर सुरी कशाला? आणि त्या जेवणासाठीं हातउसने पैसे काढून पोरीच्या फीला ‘पुढल्या वर्षीं पाहूं’ म्हणायचें, हा कोणता धर्म?

एकवीरेच्या देवळाला लागूनच सुमारें 2000 वर्षांचें बौद्ध चैत्यगृह आहे. प्राण्याचा जीव घेऊं नये, ही शिकवण त्याच डोंगरावर कोरीव कामाइतकीच जुनी आहे. 1956 सालीं निधन पावलेल्या गाडगेबाबांनीं हेंच गांवोगांवच्या कीर्तनांतून तुमच्या-आमच्या बोलींत सांगितलें. बोकडाऐवजीं कोहळा किंवा नारळ देण्याची चाल तर आपल्याच वाडवडिलांची आहे. ती नवी नाहीं, कोणी बाहेरून आणलेली नाहीं.

म्हणून यंदा ज्यांचा नवस फेडावयाचा असेल, त्यांनीं आईपुढें नारळ ठेवावा, बोकडाचे पैसे पोरीच्या शाळेंत भरावे, आणि रक्तच द्यावयाचें असेल तर रक्तपेढींत जाऊन स्वतःचें द्यावें. त्यानें कोणाचा तरी जीव वांचेल. लेंकराचा जीव वांचला म्हणून कोणती आई रागावेल?