टायरवरचे आकडे



आज आपण सायकलीविषयी बोलू. त्यातही सायकलीच्या टायरविषयी. तुम्ही म्हणाल, टायरचे काय एवढे? दुकानात जावे, टायर मागावा, पैसे द्यावे, चाकाला बसवून घ्यावा. त्याला भाषण कशाला हवे?

पण तसे नाही. टायर चुकीचा घेतला तर दोन गोष्टी होतात. एक, पैसे वाया जातात. दुसरी, चाक अडकते आणि माणूस पडतो. गेलेले पैसे पुन्हा मिळवता येतात. पण ऐन पेरणीत हात मोडला तर ते फार महाग पडते. म्हणून आज हे बोलणे.

आधी थोडी जुनी हकिकत. हवेचा टायर सायकलीला आणला तो एका गुरांच्या डॉक्टरने. त्याचे नाव जॉन बॉइड डनलॉप. तो आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात राहत होता. त्याच्या मुलाची तीन चाकांची सायकल दगडी रस्त्यावर फार दणके खाई. डनलॉपने रबराची नळी केली, तिच्यात हवा भरली आणि ती चाकाला लावली. दणके कमी झाले. १८८८ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. म्हणजे सायकलीची पहिली गादी कुठली? सीट नव्हे. टायरमधली हवा.

पुढे १९७० नंतरच्या काळात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरात काही हौशी मंडळींनी जुन्या लोखंडी सायकली घेतल्या. त्यांना जाड टायर होते. त्या सायकली ते डोंगराच्या कच्च्या वाटेवरून खाली पळवू लागले. तिथून डोंगरी सायकल तयार झाली. आज आपल्या गावात पोरे जाड टायरची, सरळ हँडलची सायकल चालवतात, ती तिचीच जात.

या सायकलींत एक साधा प्रकार असतो. फ्रेम पोलादी, पुढचा चिमटा पोलादी, आणि शॉकर कुठेच नाही. खेड्यातल्या कामाला हा प्रकार चांगला. त्यात बिघडण्यासारखे थोडे. पण शॉकर नाही म्हणजे दणका कोण झेलणार? टायरच झेलणार. म्हणून अशा सायकलीला टायर निवडून घ्यावा लागतो.

आता टायर हातात घेऊ. त्याच्या बाजूवर बघा. रबरात उठावाची अक्षरे आणि आकडे असतात. आकडे इंग्रजी असतात. पण ते आपल्याला नवे नाहीत. मोबाइलवर आपण ते रोज दाबतो. धूळ लागली असेल तर ओल्या फडक्याने पुसा आणि वाचा.

समजा तिथे २६ × १.९५ असे लिहिले आहे. यातला पहिला आकडा चाकाचा. म्हणजे टायरसकट चाक आरपार सुमारे २६ इंच. दुसरा आकडा टायरच्या रुंदीचा. म्हणजे टायर सुमारे १.९५ इंच रुंद. एका इंचात २५.४ मिलिमीटर. तेव्हा ही रुंदी झाली जवळजवळ ५० मिलिमीटर.

आता इथे एक गोम आहे. कान देऊन ऐका. सगळे सव्वीस सारखे नसतात.

गिऱ्हाईक म्हणतो, "काका, सव्वीसचा टायर द्या."

दुकानदार विचारतो, "कुठला सव्वीस, दादा? टिंबाचा की अपूर्णांकाचा?"

चांगला दुकानदार असे विचारतो. कारण २६ × १.७५ हा टायर वेगळा आणि २६ × १ ३/४ हा टायर वेगळा. हिशेबाने १.७५ आणि पावणेदोन एकच. शाळेत ते बरोबर. पण टायरच्या दुनियेत ते एक नव्हेत. दोघांच्या रिमा निराळ्या.

मग खरी ओळख कशाने पटते? टायरवर आणखी एक जोडी शोधा. ती अशी असते : ५०-५५९. यातला पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा रिमेचा. टायरची कड रिमेवर जिथे बसते, त्या गोलाचे आरपार माप म्हणजे हा दुसरा आकडा.

जाड टायरच्या सव्वीस इंची डोंगरी सायकलीचा हा आकडा ५५९ असतो. २६ × १ ३/४ चा असतो ५७१. २६ × १ १/२ चा असतो ५८४. २६ × १ ३/८ चा असतो ५९०. आणि आपली जुनी काळी सायकल, २८ × १ १/२ ची, तिचा असतो ६३५.

बघा, नावाने चार सव्वीस, पण मापे चार. ५५९ च्या रिमेवर ५९० चा टायर घातला तर तो सैल बसेल. हवा भरली की बाहेर निघेल. उलट ५५९ चा टायर ५९० च्या रिमेवर चढणारच नाही. ओढून ओढून त्याची कड मात्र तुटेल. म्हणून नियम एकच. जुन्या टायरवरचा दुसरा आकडा आणि नव्या टायरवरचा दुसरा आकडा तंतोतंत सारखा हवा. त्यात एकाचाही फरक चालणार नाही.

पहिला आकडा मात्र थोडा कमीजास्त चालतो. पण किती? ते सायकलीची फ्रेम ठरवते. फ्रेममध्ये जागा असेल तेवढाच जाड टायर. अंथरूण पाहून पाय पसरावे, तसेच हे.

जागा कुठे पाहायची? सहा ठिकाणी पाहा.

पहिले ठिकाण, पायडलच्या मागे. तिथून दोन आडव्या नळ्या मागच्या एक्सलपर्यंत जातात. पायडलच्या बाजूला त्या एकमेकींच्या जवळ असतात. मागचा टायर बहुतेक वेळा इथेच घासतो. दुसरे ठिकाण, सीटखालून उतरणाऱ्या दोन तिरक्या नळ्या आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी. तिसरे, पुढच्या चिमट्याचे दोन पाय. चौथे, चिमट्याचा माथा, म्हणजे टायरच्या बरोबर वरची जागा. पाचवे, ब्रेकचे हात आणि वायर. सहावे, मडगार्ड.

आता मोजायचे कसे? चाक सायकलीला लावलेले असू द्या. एक्सल खाचेत नीट बसवा. टायरमध्ये पूर्ण हवा भरा. हवा भरली की टायर फुगतो, म्हणून रिकामा टायर मोजून उपयोग नाही. मग टायरची सगळ्यांत रुंद जागा जिथे येते, तिथे दोन नळ्यांमधले अंतर मोजा.

एक उदाहरण घेऊ. समजा हे अंतर ६६ मिलिमीटर आहे. टायर ५० मिलिमीटरचा आहे. ६६ मधून ५० गेले, राहिले १६. दोन बाजूंना वाटले, तर ८ आणि ८. हे चांगले. आता कोणी म्हणाला, मला ५४ चा टायर हवा. ६६ मधून ५४ गेले, राहिले १२. एका बाजूला ६. ही शेवटची हद्द. दुसरा म्हणाला, मला ६० चा हवा, दिसायला झोकदार. ६६ मधून ६० गेले, राहिले ६. एका बाजूला ३. हा टायर घेऊ नका. एवढीशी वजाबाकी, पण टायरचे पैसे वाचवते.

सहा मिलिमीटर ही हद्द आम्ही मनाने सांगत नाही. सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात टायर आणि फ्रेम, तसेच टायर आणि चिमटा यांच्यात निदान ६ मिलिमीटर फट असावी, असे सांगितले आहे. फूटपट्टी नसेल तर शाळेची साधी पेन्सिल घ्या. ती सुमारे ७ मिलिमीटर जाड असते. टायर आणि नळी यांच्यामध्ये पेन्सिल मोकळी फिरली पाहिजे. दोन्ही बाजूंना फिरली पाहिजे. अडकली तर समजा, फट कमी आहे.

मग चाक हळूहळू फिरवा. रिम आउट असेल तर चाक डुलते. एकदा डावीकडे जाते, एकदा उजवीकडे जाते. जिथे फट सगळ्यांत कमी होते, तीच खरी फट. आधी पंक्चरवाल्याकडून आरे ओढून रिम सरळ करून घ्या.

वरची फटही विसरू नका. टायर रुंद झाला की उंचही होतो. १.९५ च्या जागी २.३५ चा टायर घातला, तर तो सुमारे १० मिलिमीटर उंच होतो. चिमट्याच्या माथ्याखालची तेवढी जागा गेली.

आणखी एक गोष्ट. एकाच दातेरी चाकाच्या सायकलीची साखळी झिजून लांब होते. तेव्हा आपण मागचे चाक मागे ओढून तिला ताण देतो. नवी साखळी घातली की चाक पुन्हा पुढे येते, म्हणजे आडव्या नळ्यांच्या अरुंद भागाकडे येते. तेव्हा साखळी बदलली की पेन्सिल पुन्हा लावून पाहा.

तुम्ही विचाराल, थोडे घासले तर काय बिघडते? सायकल उभी असताना घासत नाही, पण मागे धान्याचे पोते बांधले आणि चढावर जोर लावला, की चाक थोडे वाकते. टायर नळीला घासतो. टायरची बाजू पातळ असते, ती कापली जाते. नळीचा रंग जातो आणि तिथे गंज धरतो. दोन्हीकडून नुकसान.

आता काळ्या मातीचे ऐका. काळ्या रानात पाऊस पडला की माती टायरला चिकटते. एक थर, दोन थर, तीन थर. चाक माती ओढत चिमट्यात नेते. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये ती ठासून बसते. मागचे चाक अडकले तर सायकल नुसती थांबते. पुढचे चाक एकाएकी अडकले तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. दुधाचे कॅन घेऊन जाणारा असो, की शाळेला निघालेली पोर असो, माती कोणाची गय करत नाही.

म्हणून काळ्या मातीच्या गावी पेन्सिलीएवढी फट पुरत नाही. अंगठा आत जाईल एवढी फट ठेवा. टायर फार रुंद घेऊ नका. १.७५ किंवा १.९५ चा बरा. त्याच्या गुट्ट्या लांब लांब असाव्यात, म्हणजे माती झडते. चिखलाच्या दिवसांत मडगार्ड काढून ठेवता आला तर काढा. चाक जड लागू लागले की खाली उतरा आणि काडीने माती काढा. जोर लावून दामटू नका.

मुरमाच्या आणि दगडगोट्यांच्या वाटेला रुंद टायर सुखाचा. २.१० चा चालेल, मात्र फट असेल तर. डांबरी सडकेवर रोजचे जाणे असेल तर मधून सपाट आणि कडेला गुट्ट्या असा टायर घ्या. नुसत्या मोठ्या गुट्ट्यांचा टायर डांबरावर आवाज करतो, जड चालतो आणि लवकर झिजतो. टायरच्या बाजूवर बाण असेल तर चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरते, त्या दिशेला बाण ठेवा.

दोन टायरांपैकी एक नवा आणि एक जुना असेल तर नवा कुठे घालावा? पुष्कळ जण मागे घालतात, कारण मागचा लवकर झिजतो. पण चांगला टायर पुढे हवा. मागचे चाक घसरले तर सायकल सावरता येते. पुढचे घसरले तर माणूस पडतोच. तेव्हा पुढचा मागे न्या आणि नवा पुढे घाला.

शेवटी हवा. टायरवर हवेचा आकडाही लिहिलेला असतो. जास्तीत जास्त किती, ते तिथे वाचा. त्याच्यापुढे जाऊ नका. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून मागे थोडी जास्त हवा ठेवा. हवा फार कमी असेल तर दगडावर आपटून ट्यूब रिमेत चिमटते. मग ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोके पडतात, साप चावल्यासारखी. अशी दोन भोके दिसली तर काट्याला दोष देऊ नका. हवा कमी होती.

तर मंडळी, एवढे लक्षात ठेवा. रिमेचा आकडा तंतोतंत हवा. रुंदी फ्रेमच्या मापाने घ्यावी. पेन्सिल दोन्ही बाजूंना मोकळी फिरावी. काळ्या मातीत अंगठ्याएवढी फट असावी. चांगला टायर पुढे असावा. हवा लिहिलेल्या आकड्यापुढे भरू नये.

घरी गेल्यावर आपल्या सायकलीचा टायर पुसा. त्यावरचे आकडे स्वतः वाचा आणि वहीत उतरून घ्या. टायर आणायला जाल तेव्हा ती वही खिशात असू द्या. दुकानदाराने टायर काढला की आधी आकडा वाचा, मग पैसे द्या. पुढच्या बैठकीला येताना वह्या घेऊन या. कोणाच्या सायकलीला कुठला सव्वीस आहे, ते आपण सगळे मिळून पाहू.

राम राम.