स्वप्न आणि वेळापत्रक

(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा विचार करताना दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे संस्थापकांच्या मनातील स्वप्न, आणि दुसरी म्हणजे शिक्षकांच्या खोलीत भिंतीला टांगलेले वेळापत्रक. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा काढणे हे कल्पनेचे काम होते. ती साठ वर्षे चालवणे हे मात्र हजेरीपट, अनुदानाचे प्रस्ताव, पस्तीस मिनिटांची तासिका आणि पावसाळ्यात गळणारे छप्पर यांच्याशी रोज केलेल्या व्यवहाराचे काम आहे. या दोहोंचे नाते कसे असावे, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाला पडतो. घर चालवणाऱ्या आणि नोकरी-व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकालाही तो पडतो.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर गुजरातमध्ये, भावनगरला सापडते. गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. १९१६ मध्ये ते तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाचे नावच ‘दिवास्वप्न’ आहे. त्यात एक कल्पित शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग वर्षभरासाठी प्रयोग म्हणून मागून घेतो. आता या पुस्तकात केवळ सुंदर कल्पनाच असतील, असे नावावरून वाटावे. प्रत्यक्षात पहिलाच दिवस फजितीचा आहे. शिक्षक मोठ्या तयारीने येतो, मुलांना शांततेचा खेळ शिकवू पाहतो आणि वर्गात गोंधळ माजतो. योजना वहीत उत्तम होती, पण समोरची मुले वहीतील नव्हती. पुढे तो मुलांना आवडणारी गोष्ट हाती घेतो आणि तिच्या आधाराने वर्ग हळूहळू जमवतो. मुख्याध्यापकांची कुरकुर, सहकाऱ्यांची शंका, अभ्यासक्रम आणि वर्षअखेरची परीक्षा यांतले काहीही लेखकाने वगळलेले नाही. स्वप्नाला वास्तवाची परीक्षा द्यायला लावणे, हेच त्या पुस्तकाचे मोठेपण आहे.

याच भावनगरमध्ये १९२३ च्या सुमारास एक मराठी बाई येऊन दाखल झाल्या. त्या ताराबाई मोडक. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाईंनी परक्या प्रांतात, परक्या भाषेत, गिजुभाईंसमवेत बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत वाटा उचलला. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या येथील कुटुंबांना त्यांचे हे उदाहरण विशेष जवळचे वाटावे. भोवतालची भाषा आत्मसात केल्याने त्यांची मराठी उणी झाली नाही. पुढे त्यांनी मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ही चालवली.

१९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मारिया माँटेसरी यांची पद्धत ताराबाईंना मान्य होती; परंतु तिची साधने महाग, घोटीव लाकडाची, शहरी शाळांनाही सहज न परवडणारी. गरिबांच्या वस्तीतील बालवाडीला ती मिळणार कोठून? येथे दोन सोपे मार्ग होते. पैसे जमेपर्यंत थांबावे, किंवा हे काम श्रीमंतांच्याच मुलांसाठी आहे असे मानून परतावे. ताराबाई आणि अनुताईंनी तिसरा मार्ग काढला. शिंपले, खडे, बिया, पाने, बांबूचे तुकडे हीच साधने झाली. लहान-मोठे लावणे, मोजणे, रंग ओळखणे, स्वतःच्या हाताने करून पाहणे हे सारे त्यात राहिले. गेली ती केवळ किंमत.

मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली गेली. त्यातून ‘अंगणवाडी’ रुजली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर असे आढळले की वारली मुले गुरे राखायला जातात; तेव्हा कुरणातच शाळा भरू लागली. मोठ्या बहिणीला धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून तिची शाळा सुटते, हे ध्यानात आल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आकाराला आली. या प्रत्येक कल्पनेचा उगम एखाद्या अडचणीत आहे. अडचण नीट न्याहाळणे हेच तेथे कल्पकतेचे पहिले पाऊल ठरले.

यातून एक कसोटी हाती लागते. तडजोड प्रत्येकाला करावी लागते. ती कशात केली, हे तपासावे. साधनात, वेळात, खर्चात केलेली तडजोड हा व्यवहार. हेतूतच तडजोड केली, तर तिला व्यवहाराचे नाव देऊन मनाचे समाधान करता येते, पण काम हातचे गेलेले असते.

वर्गातील एक लहानसे उदाहरण पाहावे. मराठीच्या पाठात ‘पडवी’, ‘जाते’, ‘कणगी’ असे शब्द येतात. चौथ्या मजल्यावरील सदनिकेत राहणाऱ्या आणि खेळताना दुसरीच भाषा बोलणाऱ्या मुलाने यांतले काहीच पाहिलेले नसते. शिक्षिकेला वाटते, मुलांना एखाद्या जुन्या वाड्यात न्यावे, जाते फिरवू द्यावे. परंतु सहल परवडत नाही आणि परीक्षा तोंडावर असते. मग अर्थ फळ्यावर लिहून मोकळे व्हावे काय? ती फळ्याचा एक कोपरा राखून ठेवते. रोज एका मुलाने घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एक जुना मराठी शब्द आणायचा, तो तेथे लिहायचा आणि त्याची हकीकत दोन मिनिटांत सांगायची. वर्षअखेर वर्गाजवळ स्वतःचा छोटा शब्दसंग्रह जमतो. अभ्यासक्रमही पूर्ण होतो, आणि घराघरांत आजी व नातवंडे यांच्यात एक संवाद सुरू होतो, जो कोणत्याही वेळापत्रकात मांडलेला नसतो.

आता एका अवघड गोष्टीचा उल्लेख टाळता येणार नाही. प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, ‘मराठी माध्यमात घातले तर मुलाच्या इंग्रजीचे काय? पुढे त्याला नोकरी मिळेल ना?’ वर्गांच्या तुकड्या कमी झाल्या आहेत, हे सर्वांना दिसते. या पालकांना मातृभाषेचे प्रेम नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचा प्रश्न मुलाच्या पोटापाण्याचा आहे आणि त्याला भावनेने उत्तर देता येत नाही. शक्य तेथे किमान पाचवीपर्यंतचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे, असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगते. पण धोरणाच्या आधाराने वर्ग भरत नाही. तो भरतो तो मुलाला गणित मराठीत नीट उमगते आणि त्याच शाळेत इंग्रजीही बोलता-लिहिता येते, हे पालकांच्या नजरेस पडल्यावर. ती जबाबदारी शाळेची आहे. मराठीचा अभिमान सांगणाऱ्या शाळेने इंग्रजीची तासिका दुबळी ठेवली, तर ते स्वप्न मुलांच्या खर्चाने पाहिल्यासारखे होईल.

माजी विद्यार्थ्यांचाही यात वाटा आहे. हीरक महोत्सवानिमित्त शाळेला काही द्यावे, ही त्यांची भावना मोलाची आहे. भव्य कमान कोणालाही शोभिवंत वाटेल. तथापि प्रयोगशाळेतील तुटलेल्या परीक्षानळ्या आणि ग्रंथालयातील सुट्या पानांची पुस्तके यांचीही एक यादी आहे. ती कार्यालयात पाहता येईल. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी शनिवारी एक तास येऊन पाचवीच्या मुलांसमवेत मोठ्याने वाचन करावे. कुणी इंग्रजी वाचावे, कुणी मराठी. आपल्यासारखाच याच बाकावर बसलेला माणूस आज रुग्णालयात, न्यायालयात किंवा कारखान्यात काम करतो, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहिले, तर पालकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपोआप मिळेल.

संस्थापकांनी साठ वर्षांपूर्वी पाहिलेले स्वप्न मोठे होते. त्यांनी ते पहिल्या दिवशी एका खोलीत, मोजक्या मुलांपुढे, घंटा वाजवून सुरू केले. उद्या सकाळीही घंटा वेळेवर होईल, आणि फळ्याच्या त्या कोपऱ्यात कोणीतरी नवा शब्द लिहील.