मित्राने दिलेले पुस्तक



आम्ही वाचणारी माणसं. पण आमचं कपाट म्हणजे आत्मकथनं, चरित्रं आणि भाषणं. कामावरच्या एका मित्राने जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथांचा संग्रह हाती दिला. “या पोट भरलेल्यांच्या गोष्टी,” असे म्हणून आम्ही तो न वाचताच परत केला. मित्र रागावला नाही. एवढंच म्हणाला, “तुम्ही दिलेलं ‘बलुतं’ मी वाचलं ना?” आम्ही खजील झालो.

मग वाचलं. कृष्णविवराजवळ काळ हळू चालतो, या विचाराने रात्री झोप लागेना! पुढे कळले, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती. अक्षर ओळखू नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. पहिले बक्षीस मिळाले, ते नाव पाहून नव्हे, कथा पाहून.

बंधूंनो, नावावरून होणारी पारख आपल्या बापजाद्यांनी सोसली. मग आपणच एखादे पुस्तक न उघडता बाजूला कसे सारावे? विहाराच्या वाचनालयात एक कप्पा मित्रांनी सुचवलेल्या पुस्तकांचा ठेवू या.